गट क्रमांक सात

"गट क्रमांक सात," मी वाचलं आणि उगाचच चष्मा सारखा केला. "चक्रनारायण नथानिएल याकोब."

एवढं वाचून मी कागदाची घडी घातली आणि बायबलात ठेवून दिली.

पहिल्या सहा गटांची नावं वाचताना बाकांवर नुसती खुसखुस चालली होती. कोण कुणाच्या गटात, कुणाची जाऊ कुणाच्या वाट्याला! सातवा वाचला आणि सगळं चर्च चिडीचूप. तिसऱ्या बाकावरून चक्रनारायणकाका उठले. एस.टी. स्टँडवर त्यांनी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. माईकवर गाड्या पुकारून पुकारून त्यांचा साधा आवाजही फलाटावरून आल्यासारखा यायचा.

"पाटोळेबाई, पुढची नावं?"

"एवढंच आहे, काका."

"म्हणजे गटात मी एकटाच?"

"टायपिंगची चूक झालेली दिसतेय."

"मग दुरुस्त करा."

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. "सहा महिने यादीत बदल करता येत नाही, काका," ते म्हणाले. "तसा नियम आहे."

"नियम आहे तर प्रश्नच मिटला," काका म्हणाले आणि बसले.

चूक कसली डोंबलाची! मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मंडळीची चिटणीस होते. माझ्या हातून ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं कुणी पाहिलं नाही, मग अख्खा माणूस कसा चुकेल? ते आम्ही सगळ्यांनी मिळून, चहा पिता पिता ठरवलं होतं.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही गोष्ट. बावीस वर्षं झाली. आमचे उजागरे पाळक तेव्हा बत्तीस वर्षांचे होते, नवीन होते आणि दहा दिवसांचं शिबिर करून नुकतेच परतले होते. येताना एक हिरवी पुस्तिका घेऊन आले. तिच्यात यशस्वी लहान गटांची बारा लक्षणं दिली होती. त्यांनी लगेच पंचांची सभा बोलावली.

"आता आपल्या मंडळीचे गट पाडायचे," ते म्हणाले.

रणपिसेमामांचा चहा बशीतच राहिला. ते सगळ्यांत जुने पंच. "पाडायचे? अहो साहेब, आहेत ते मोडता मोडता माझ्या डोक्यावर केस राहिले नाहीत! हार्मोनियम डावीकडे ठेवायची का उजवीकडे, यावरून इथं दोन गट पडले होते. उजवा गट तीन महिने चिंचेखाली बसून उपासना करत होता. आणि तुम्ही म्हणता पाडायचे?"

"तसले गट नव्हेत, मामा. लहान गट. गुरुवारच्या सभेऐवजी दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी जमायचं. गीत, वचन, एकमेकांच्या विनंत्या, प्रार्थना, चहा."

"मग प्रार्थना सभा म्हणा की. गट कशाला म्हणता?"

"पुस्तिकेत गट आहे."

पुस्तिकेपुढे मामा काय बोलणार! सहा गट पडले, सहा प्रमुख ठरले. एक मामा, एक मी, एक महिला मंडळाच्या अध्यक्ष शशिकला अमोलिक, आणि आणखी तिघं. मग माणसं वाटायला बसलो आणि काकांच्या नावापाशी गाडी अडली.

त्याचं कारण सुवार्ताकाकूंचे गुडघे.

काकू होत्या तेव्हा त्यांचे गुडघे फार दुखायचे. प्रार्थना सभेत पाळकांनी विचारलं, "कुणाच्या काही विनंत्या?" की काका उठायचे आणि खणखणीत सांगायचे, "सुवार्ता नथानिएल चक्रनारायण. गुडघे." एकोणीस वर्षं दर गुरुवारी हेच. मग काकू गेल्या. गुडघ्यांनी नव्हे, हृदयानं गेल्या. माती दिल्यावरच्या पहिल्या गुरुवारी पाळकांनी विनंत्या विचारल्या आणि काका उठले. "सुवार्ता नथानिएल चक्रनारायण. गुडघे."

त्या दिवशी आम्ही सगळ्या बाया ढसाढसा रडलो. दुसऱ्या महिन्यात लोक आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले. वर्षभरात तरुण पोरं एकमेकांना चिमटे काढायला लागली. मेलेल्या माणसासाठी आमच्यात प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस प्रभूच्या हवाली, आता त्याच्यासाठी मागायचं काय? पाळकसाहेब हुशारीनं वळवून घ्यायचे, "काकांच्या सांत्वनासाठी प्रार्थना करू या." तर काका मधेच, "माझ्यासाठी नाही, साहेब. तिच्या गुडघ्यांसाठी."

"माझ्या गटात नको गं बाई," अमोलिकबाई म्हणाल्या. "दोन नव्या सुना आहेत माझ्याकडे. घाबरतील."

मामा म्हणाले, "मला हसू येतं. वडीलमाणूस हसलेला बरा दिसत नाही."

आणि मी? काका माझ्याच गल्लीत राहायचे. गल्लीवार वाटणी होती, म्हणजे ते माझ्याच गटात यायला हवे होते. सगळ्यांत आधी नको म्हणाले ती मीच. शास्त्राला धरून नाही, असं म्हणाले. लाज वाटते आता सांगायला.

तर अशी ती टायपिंगची चूक. आम्हाला वाटलं, एक माणूस कसली सभा घेतोय! कंटाळेल आणि घरी बसेल.

पुढच्या रविवारी काकांनी माझ्या हातात गट सातचा अहवाल ठेवला.

"गुरुवार. नियोजित वेळ १७.३०. प्रत्यक्ष वेळ १७.३०. उपस्थित एक, गैरहजर शून्य. गीत उपस्थितांनी उभे राहून गायले. वचनावर चर्चा झाली. एका मुद्द्यावर मतभेद झाले, ते प्रार्थनेने मिटले. चहा उपस्थितांनी केला. उपस्थितांनी उपस्थितांचे आभार मानले. विनंती : सुवार्ता नथानिएल चक्रनारायण, गुडघे. समाप्ती १८.३०."

पाळकसाहेबांनी तो दोनदा वाचला. "मतभेद? कुणाकुणात?"

"विचारलं मी," मी म्हणाले. "ते म्हणतात, गटातली गोष्ट गटाबाहेर न्यायची नाही. लक्षण नववं."

"अहो, पण एकट्यानं सभा घ्यायची म्हणजे..."

"तेही विचारलं. म्हणाले, प्रवासी नसला तरी गाडी वेळेवर सोडावी लागते. पुढच्या फाट्यावर कोण उभं असेल, सांगता येतं का?"

इकडे बाकीच्या सहा गटांनी नाकी नऊ आणले. अमोलिकबाईंच्या गटात पहिल्या आठवड्याला चहा-बिस्किट होतं. दुसऱ्या घरी भजी झाली, म्हणून तिसऱ्या घरी वडे, आणि पाचव्या आठवड्याला कोंबडी! सहाव्याच्या घरची बाई पाठदुखीचं निमित्त काढून माहेरी निघून गेली. मामांच्या गटात पंखा लावायचा का बंद ठेवायचा, यावरून पंखेवाले आणि बिनपंखेवाले झाले. दोघांनीही आपापल्या बाजूची वचनं काढली. माझ्या गटात वर्गातल्यासारखं मीच बोलायचे, त्यामुळे लोक गळत गळत चौघांवर आले. तेही माझ्या नात्यातले.

पाळकसाहेबांनी प्रत्येक लक्षणाला गुण दिले आणि तक्ता करून वरच्या कचेरीत पाठवला. वेळेवर सुरुवात, वेळेवर समाप्ती, पूर्ण हजेरी, चहाड्या नाहीत, खाण्याची चढाओढ नाही, प्रत्येक सभासदाचा सहभाग. गट सातला बारापैकी बारा. दुसऱ्या नंबरला पाच होते.

"अहो, त्यात सभासद किती ते नाही लिहिलं?" मी विचारलं.

"तक्त्यात तो रकानाच नव्हता," पाळकसाहेब म्हणाले.

महिन्याभरात पत्र आलं. आमचे अधीक्षक केदारीसाहेब स्वतः येणार होते. 'आपल्या गट क्रमांक सातविषयी वाचून मन भरून आले. येत्या गुरुवारी या आदर्श गटाच्या सभेत बसण्याची इच्छा आहे.'

आली का पंचाईत! पाळकसाहेबांनी पत्राची घडी घातली आणि पुन्हा उघडली. तीन महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती, आणि बदल्यांची यादी केदारीसाहेबांच्या सहीनं निघायची.

"सभासद उसने घेऊ," ते म्हणाले. "खोटं काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं. त्यांनी मोजलं तर मोजू दे."

पण गट सातमध्ये बसायला कुणी तयार होईना. शेवटी सहाही प्रमुखांनीच बसायचं ठरलं.

"आणि गुडघे?" अमोलिकबाईंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांच्या गल्लीतल्या. तेवढ्या दिवसापुरतं सांगून बघा. साहेब शास्त्राचे पक्के आहेत. हे ऐकलं तर गट बंद करतील, आणि मला कुठे पाठवतील देव जाणे."

"काकांनी ऐकलं नाही तर?"

"तर गट मलाच बंद करावा लागेल. काकांना सन्माननीय सल्लागार करू. म्हणजे सभा नको, विनंती नको."

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी काकांच्या घरी गेले. "सलाम, काका." बाहेरच्या खोलीत आठ खुर्च्या गोल मांडल्या होत्या. एका खुर्चीवर गीतांचं पुस्तक होतं, बाकीच्या सात पुसून ठेवलेल्या.

"सभा परवा आहे, बाई."

"ठाऊक आहे. काका, परवा साहेब येणार."

"आनंद आहे. साडेपाचला सुटेल. एक मिनिट इकडे-तिकडे नाही."

"तसं नाही... विनंत्यांच्या वेळी तुम्ही..." शाळेत पन्नास पोरींना गप्प करणारी बाई मी, आणि माझं वाक्य पुरं होईना. "काकूंचं तेवढं नका काढू. त्या एका दिवशी."

काका आत गेले. चहा घेऊन आले, कप माझ्या हातात दिला आणि समोर बसले.

"बाई, ती गेली हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? पेटीला पुढचा खांदा माझा होता."

"मग काका, का..."

"मग तिचं नाव कुठं काढायचं, तेवढं सांगा. भाजीवाल्यापाशी काढू? भावजय म्हणते, आता विसरा भावोजी. स्टँडवर गेलो तर जुने कंडक्टर म्हणतात, काका, तब्येत सांभाळा. पाळकसाहेब म्हणतात, सांत्वन होवो. जो तो माझ्यावर येऊन थांबतो. तिच्यापर्यंत कुणाची गाडी जातच नाही! विनंती म्हणून सांगितलं की निदान लोकांना मिनिटभर ते नाव ऐकावं लागतं. आवडो न आवडो."

मी कप खाली ठेवला.

"आणि ती टायपिंगची चूक नव्हती, एवढं कळतं मला," ते म्हणाले. "तुमच्याकडून तसली चूक होत नाही."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. माफ करा म्हणायला हवं होतं. म्हणाले काय, तर, "पाळकसाहेबांची बदली होईल हो, काका. मूल लहान आहे."

काकांनी माझा कप उचलला. "बरं. मंडळीच्या अब्रूचा प्रश्न आहे म्हणता, तर नाही काढत नाव. शब्द दिला."

भांडले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या मुकाट्यानं हो म्हणाले की घरी येऊन मी ताट तसंच झाकून ठेवलं.

गुरुवारी केदारीसाहेब पावणेपाचच्या गाडीनं उतरले. उंच, गोरटेले, हसरे, खिशात डायरी. आमच्यापैकी कुणाला ओळखत नव्हते, पण सगळ्यांशी जन्माची ओळख असल्यासारखे बोलत होते. काकांच्या खोलीत आम्ही सहा प्रमुख, पाळकसाहेब, साहेब आणि काका असे नऊ जण. पाळकसाहेब पाटावर बसले.

साडेपाचच्या ठोक्याला काका उभे राहिले. "सभा क्रमांक एकोणीस. सर्वांनी जागा घ्याव्यात." गीत झालं. वचन झालं. चर्चेच्या वेळी आम्हा सहांना काय बोलावं सुचेना, कारण एकमेकांच्या गटाला नावं ठेवण्यापलीकडे आम्ही चार महिन्यांत काही बोललोच नव्हतो.

"किती नम्र गट आहे!" केदारीसाहेब म्हणाले. "कुणीच पुढं पुढं करत नाही."

"आता विनंत्या," काका म्हणाले आणि डावीकडून एकेकाकडे बघत गेले. अमोलिकबाई म्हणाल्या, पाऊसपाण्यासाठी. मामा म्हणाले, देशातल्या पुढाऱ्यांसाठी. तिसरे म्हणाले, जगात शांती राहावी. अशा मोठ्या मोठ्या विनंत्या गोळा होत गेल्या. माझ्यापाशी आल्यावर मी म्हणाले, "परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी." तेव्हा परीक्षेला पाच महिने अवकाश होता.

"आणि आपली स्वतःची, चक्रनारायणजी?" साहेबांनी विचारलं.

काका उभे राहिले. त्यांचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"माझी काही विनंती नाही, साहेब."

तो आवाज फलाटावरचा नव्हता. समोर बसलेल्या मलासुद्धा नीट ऐकू आला नाही. ते खाली बसायला लागले आणि मी उठून उभी राहिले.

"माझी एक राहिली!" मी जवळजवळ ओरडलेच. "सुवार्ता नथानिएल चक्रनारायण. गुडघे."

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी डायरी काढली. "सुवार्ता... गुडघे. फार दुखतात?"

"एकोणीस वर्षं दुखत होते," मी म्हणाले.

"अरेरे!"

तेवढ्यात मामा खाकरले. मला वाटलं, आता हे हसणार. पण मामांनी साहेबांच्या डायरीकडे बोट केलं. "साहेब, लिहिताय तसं आणखी एक लिहा. मेरी एलिया रणपिसे. आमची मंडळी. दमा. रात्रभर उशाला टेकून बसायची हो."

मामी जाऊन बारा वर्षं झाली होती. मामांच्या तोंडून तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"आमच्या यांची शुगर," अमोलिकबाईंनी पदर तोंडाला लावला. "प्रभाकर अमोलिक. पायाची जखम भरतच नव्हती."

मग बांध फुटला म्हणायचा. चौथ्याची आई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पाचव्याचा थोरला भाऊ, कावीळ. सहाव्या बाईंची मुलगी, ताप, वय वर्षं चार. साहेब भराभर लिहीत होते आणि त्यांचा चेहरा गंभीर होत चालला होता.

"एवढ्याशा गटात एवढं आजारपण! आणि तुम्ही पावसासाठी विनंत्या सांगत बसलात? कुठं असतात ही सगळी? दवाखान्यात?"

आम्ही मामांकडे पाहिलं. शेवटी मामा म्हणाले, "इथंच, साहेब. स्टँडच्या मागं."

"सगळे एकाच ठिकाणी?"

"हो. सगळे एकाच ठिकाणी."

"सोय बरी आहे का तिथं?"

"शांत आहे," मामा म्हणाले. "लिंबाची झाडं आहेत."

स्टँडच्या मागं आमची दफनभूमी होती. पाळकसाहेबांना असा काही ठसका लागला की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"उभे राहा सगळे," साहेब म्हणाले. त्यांनी डायरी उघडी धरली, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू, ही तुझी लेकरं किती दिवस निजून आहेत, ते तुला ठाऊक. डॉक्टरांनी हात टेकले. पण तू हाक मारलीस तर कोण निजून राहील? एकेकाला नावानं हाक मार, बापा! सुवार्ताबाईला उठव, तिच्या पायांवर उभी कर. मेरीबाईच्या छातीत तुझा श्वास घाल. त्या लहानग्या लेकराचा हात धर आणि त्याच्या आईच्या हातात दे. यांची माणसं वाट बघताहेत, प्रभू. यांची त्यांची भेट घडव."

"आमेन!" आम्ही म्हणालो. त्या खोलीत तेवढा मोठा आमेन मी आधी कधी ऐकला नव्हता. मास्तरीण ना मी, म्हणून मनात तपासूनही पाहिलं. शास्त्राला सोडून त्यात एक अक्षर नव्हतं. शेवटल्या दिवशी नेमकं हेच होणार, असं आम्ही दर रविवारी उभं राहून म्हणत होतोच की!

सभा संपली. समाप्ती १८.५२, असं मागाहून अहवालात आलं. साहेब चपला घालायला वाकले, आणि मग काहीतरी आठवून मागं वळले. त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"एवढं जुनं दुखणं म्हणजे माणूस चिडचिडं होतं. स्वभावानं कशा आहेत हो आपल्या बाई?"

काकांनी साहेबांचा हात सोडला नाही. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"साहेब, दोन वर्षं झाली, हे मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले. मग एकदम हसले. "चिडकी आहे, साहेब. भयंकर चिडकी. बसा, सांगतो."

आम्ही सगळे पुन्हा बसलो.